‘आपण’ आणि ‘आम्ही’ : एका सर्वनामाचा इतिहास

आज एकाच शब्दावर बोलायचं आहे. शब्द रोजचा आहे, ‘आपण’. त्याच्याबरोबर ‘आम्ही’ येईल, कारण एकाला दुसऱ्यावाचून अर्थ नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. भाषाशास्त्र हा आमचा परीक्षेचा विषय कधीच नव्हता. पण ‘स्व’ म्हणजे काय, ‘पर’ म्हणजे काय यावर चाळीस-चाळीस मिनिटं बोलत असताना ज्या शब्दांनी आपण बोलतो ते शब्द कुठून आले, हा प्रश्न मागं लागतोच.

देगलूरच्या बसस्थानकावरची दोन वाक्यं घ्या. एक माणूस दुसऱ्याला म्हणतो, ‘आम्ही उद्या हैदराबादला चाललो.’ ऐकणारा समजतो, की हे लोक जाणार, मी नाही. तोच म्हणाला, ‘आपण उद्या हैदराबादला चाललो’, तर ऐकणाऱ्यानं पिशवी भरायला घ्यावी. क्रियापद तेच, गाव तेच, दिवस तोच. फक्त सर्वनाम बदललं आणि समोरचा माणूस आत आला. व्याकरणात याला समावेशक आणि व्यावर्तक ‘आम्ही’ म्हणतात. नावं जड आहेत, पण चार वर्षांचं मराठी पोरही यात चुकत नाही. ‘आमचा चेंडू’ आणि ‘आपला चेंडू’ यातला फरक त्याला पक्का कळतो, कारण भांडण त्यावरच असतं.

इंग्रजीत ही सोय नाही. ‘वुई’ म्हटलं की ऐकणारा आत की बाहेर, ते संदर्भावरून ओळखायचं. युरोपातल्या बहुतेक भाषांची हीच गत. लॅटिन ‘नोस’, फ्रेंच ‘नू’, जर्मन ‘वीर’ यांपैकी कोणीही ऐकणाऱ्याला सांगत नाही, की तू यात आहेस का. पण गरज माणसाला असतेच, मग भाषा पळवाटा काढते. स्पॅनिशमध्ये ‘आम्ही’साठी ‘नोसोत्रोस’ हा शब्द आहे. तो ‘नोस’ आणि ‘ओत्रोस’ या दोन शब्दांचा जोड, म्हणजे ‘आम्ही इतर’. मूळ रोख ‘तुमच्याहून वेगळे असे आम्ही’ असा होता. पुढं रोख झिजला आणि तो साधा ‘आम्ही’ होऊन बसला. फ्रेंच माणसाला ठासून सांगायचं असलं की तोही ‘नू ओत्र’ म्हणतो. याच्या उलट दिशेची गंमतही आहे. बोलीतल्या फ्रेंचमध्ये ‘नू’ची जागा ‘ओं’ या शब्दानं घेतली आहे. हा ‘ओं’ लॅटिन ‘होमो’पासून, म्हणजे ‘माणूस’ या शब्दापासून निघाला. पोर्तुगीजमध्ये ‘आ जेंत’ म्हणजे ‘लोक’, आणि ब्राझीलमध्ये बोलताना त्याचाच अर्थ ‘आम्ही’ असा होतो. तेही कसं, तर क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी! म्हणजे व्याकरणानं ‘लोक जातो’ आणि अर्थानं ‘आम्ही जातो’.

हा भेद सर्वनामातच असू शकतो, हे युरोपीय व्याकरणकारांनी लिहून ठेवलं ते अमेरिकेतल्या एका भाषेवरून. दोमिंगो दे सांतो तोमास नावाच्या धर्मोपदेशकानं पेरूमधल्या केचुआ भाषेचं व्याकरण लिहिलं. ते १५६० साली स्पेनमधल्या वायादोलिद इथं छापलं गेलं. ‘ऐकणाऱ्याला धरून आम्ही’ आणि ‘ऐकणाऱ्याला वगळून आम्ही’ हे दोन वेगळे शब्द असल्याचं त्यानं नोंदवलं. धर्मोपदेशकाला हा भेद कळणं भागच होतं. ‘आम्ही पापी आहोत’ असं प्रवचनात म्हणताना चुकीचं सर्वनाम वापरलं, तर पापी फक्त उपदेशक ठरतो.

आता ‘आम्ही’ची वंशावळ पाहू. संस्कृतात कर्ता असताना ‘वयम्’, आणि बाकी विभक्तींत ‘अस्म-’ : अस्मान्, अस्माभिः, अस्माकम्. ‘वयम्’ हा इंग्रजी ‘वुई’चा आणि जर्मन ‘वीर’चा भाऊ. ‘अस्म-’ हा इंग्रजी ‘अस’चा, जर्मन ‘उन्स’चा. ग्रीक भाषेच्या एओलिक बोलीत ‘आम्ही’ला ‘आम्मेस’ म्हणत, आणि आपल्या महाराष्ट्री प्राकृतात ‘अम्हे’. उच्चार शेजारी ठेवून बघा, पैठण आणि लेस्बॉस बेट किती जवळ आलं ते. मराठीनं ‘वयम्’ टाकून दिला आणि ‘अम्हे’चा ‘आम्ही’ करून कर्त्याच्या खुर्चीत बसवला. हिंदी ‘हम’, पंजाबी ‘असीं’ यांचीही कथा हीच. इंग्रजीत सांगायचं तर आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘अस गो’ म्हणतो आहोत. कोणाचं काही बिघडलं नाही.

पण संस्कृतात समावेशक-व्यावर्तक असा भेद नाही. द्विवचन आहे, ‘आवाम्’, आपण दोघं. मात्र ते दोघं म्हणजे मी आणि तू, की मी आणि तो, हे ‘आवाम्’ सांगत नाही. मग मराठीला हा दुसरा शब्द मिळाला कुठून?

शब्द मिळाला घरातूनच, आणि तोही थेट देवघरातून. ‘आपण’ आला ‘आत्मन्’पासून. आत्मन् म्हणजे मुळात श्वास, प्राण. जर्मनमध्ये श्वासाला आजही ‘आतेम’ म्हणतात, डचमध्ये ‘आदेम’. ती आत्म्याची युरोपातली चुलत घराणी. तिकडं तो शब्द छातीतच राहिला, दम लागला की आठवतो. इकडं त्यानं उपनिषदं गाठली. आणि त्याच वेळी, हे फार कमी वेळा सांगितलं जातं, तो अगदी साधं व्याकरणाचं कामही करत होता. ‘स्वतः’ म्हणायचं असलं की संस्कृतात ‘आत्मानम्’. बोलणारी स्त्री असो, अनेक माणसं असोत, ‘आत्मन्’ पुल्लिंगी एकवचनीच राहतो. म्हणजे लिंग-वचनाची पर्वा न करण्याची त्याची सवय फार जुनी आहे. प्राकृतात त्याची दोन रूपं झाली. एक ‘अत्ता’ आणि दुसरं ‘अप्पा’, ‘अप्पाण’. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात दोन्हींची नोंद आहे. ‘अप्पाण’वरून मराठी ‘आपण’, आणि त्याच घरातले आपला, आपुलकी, आपोआप, आपसूक, आपसात, आपमतलबी. हिंदीतले ‘आप’ आणि ‘अपना’ही तिथलेच.

इथं तीन तोतयांपासून सावध राहायला हवं. लातूर-नांदेडकडं घरोघरी ‘अप्पा’ आहेत, नावापुढंही ‘अप्पा’ लागतं. तो ‘अप्पा’ द्राविडी, बापाला किंवा वडीलधाऱ्याला म्हणण्याचा. प्राकृत ‘अप्पा’शी त्याचं नातं नाही. ‘आप्त’ हा शब्द ‘आपल्या माणसां’साठी वापरतात म्हणून नातेवाईक वाटतो, पण तो ‘आप्’ या धातूचा, म्हणजे मिळवणे, पोचणे. आणि संस्कृत कोशात ‘आपण’ असाच एक शब्द सापडतो, त्याचा अर्थ दुकान, बाजार. लातूरच्या आडतबाजारात उभं राहून कोणी व्युत्पत्ती मांडू नये एवढंच.

आमच्या विषयाच्या दृष्टीनं खरा पेच पुढं आहे. ‘आत्मन्’ एकाच वाक्यात साधं सर्वनाम आहे की तत्त्वज्ञानातला आत्मा, हे कसं ठरवायचं? बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला समजावतो, की पती, पत्नी, पुत्र, वित्त ही त्यांच्यासाठी प्रिय नसतात, ती प्रिय असतात ‘आत्म्या’साठी. आता इथला ‘आत्मा’ म्हणजे ‘आपल्या स्वतःसाठी’ असं घेतलं, तर ते माणसाच्या आपमतलबीपणाबद्दलचं रोखठोक निरीक्षण होतं. ‘आत्मतत्त्वासाठी’ असं घेतलं, तर वेदांताचा पाया. ग्रंथ तोच, शब्द तोच. भाष्यकारांनी दुसरा रस्ता धरला, आणि पुढचा संवाद पाहता त्याला आधारही आहे. पण पहिला अर्थ मैत्रेयीच्या कानाला ऐकूच आला नसेल, असं आम्हाला वाटत नाही. याज्ञवल्क्य ओळखीच्या सर्वनामापासून सुरुवात करतो आणि तिला अनोळखी आत्म्यापर्यंत नेतो. तो पूल व्याकरणानंच बांधलेला आहे.

पालीत ‘अत्ता’. बुद्धाची शिकवण ‘अनत्त’, म्हणजे कायमचा टिकणारा आत्मा नाही. आणि तोच बुद्ध शिष्यांना ‘अत्तदीप’ व्हा म्हणतो. मराठवाड्यातल्या कितीतरी विहारांत हा शब्द परिचित आहे. विद्यार्थी विचारायचे, सर, आत्मा नाही म्हणता आणि आत्म्याचा दीप करा म्हणता, हे कसं? उत्तर सर्वनामात आहे. अत्तदीप यातला ‘अत्त’ म्हणजे स्वतः, आपला आपण. ‘मी स्वतः आलो’ म्हणणारा माणूस आत्म्याच्या अमरत्वाची ग्वाही देत नसतो. एक शब्द सिद्धांतातला, दुसरा रोजच्या बोलण्यातला. रूप सारखं म्हणून गोंधळ.

प्राकृतातून मराठीत आल्यावर ‘आपण’नं जो पसारा मांडला, तो बघण्यासारखा आहे. ‘आपण जाऊ’, इथं तो प्रथमपुरुषी. ‘आपण यावे’, इथं द्वितीयपुरुषी, आदरार्थी. ‘तो म्हणाला, आपण येणार नाही’, इथं तृतीयपुरुषी, म्हणजे तो स्वतः. तीनही पुरुष एका शब्दात! क्रियापद असतं म्हणून निभावतं. पण भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागं जातं आणि मग बघा मजा. ‘साहेब म्हणाले, आपण ते पत्र वाचलं नाही.’ कोणी वाचलं नाही? साहेबांनी? ऐकणाऱ्यानं? की साहेब, ऐकणारा, सगळ्यांनी मिळून? तीनही अर्थ व्याकरणशुद्ध आहेत. कचेरीतल्या चौकशीत असं वाक्य आलं तर जबाबदारी कोणावर टाकायची ते ज्यानं त्यानं ठरवावं. अर्जाच्या शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहितो, तिथं आपला म्हणजे तुमचा. आणि ‘आपल्याला नाही बुवा जमायचं’ म्हणतो, तेव्हा आपल्याला म्हणजे फक्त मला. मुंबईच्या हिंदीत ‘अपुन’ म्हणजे ‘मी’ झाला, तो याच वाटेनं.

शब्द घरचा, हे झालं. पण त्याला हे ‘तुला धरून आम्ही’चं काम दिलं कोणी? इथं आपल्याला आपला नकाशा बघावा लागतो. धर्माबादहून थोडं पूर्वेला गेलं की तेलुगू. उदगीर-निलंग्याहून खाली उतरलं की बीदर, कन्नड. नवव्या शतकातल्या ‘कविराजमार्ग’ या कन्नड ग्रंथात कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. नांदेड गोदावरीवर आहे, हे सांगायला नको. त्याच काळातले राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे अधिपती म्हणवत. हे लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक इतिहासकार मानतात. कंधारला त्यांच्या खुणा आजही आहेत. तेव्हा या भूमीवर मराठी आणि कन्नड-तेलुगू या शेजारी भाषा नव्हत्या, एकाच घरात नांदणाऱ्या भाषा होत्या. लोक दोन-दोन भाषा बोलत. अशा घरात शब्द ज्याचे त्याच्याकडं राहतात, वळण मात्र एकमेकांचं लागतं.

तेलुगूत ‘मनमु’ म्हणजे आपण, ‘मेमु’ म्हणजे आम्ही. ‘मन ऊरु’ आपलं गाव, ‘मा ऊरु’ आमचं गाव. तमिळमध्ये ‘नाम’ आणि ‘नांगळ’. हा भेद द्राविडी भाषांत जुना आहे. आणि वळण किती खोल आहे बघा. नवऱ्याचा उल्लेख तेलुगू बाई ‘मा आयन’ असा करते, मराठी बाई ‘आमचे हे’. नवरा एकटीचा असूनही अनेकवचन, आणि तेही ऐकणाऱ्याला वगळणारं. वगळायलाच हवं, नाही का! दुसरी गोष्ट. ‘स्वतः’ या अर्थाचं सर्वनाम आदरानं ‘तुम्ही’साठी वापरायचं, हे मराठी ‘आपण’ करतो, हिंदी ‘आप’ करतो. कन्नडमध्ये ‘तावु’ म्हणजे मुळात ‘ते स्वतः’, आणि आदरानं समोरच्यालाही ‘तावु’. तेलुगूत ‘तमरु’, तेच. शब्द कोणाचा कोणाशी जुळत नाही, पण सांधा तोच. मरे एमनो यांनी १९५६ साली ‘भाषिक क्षेत्र’ म्हणून भारताकडं बघायला शिकवलं, ते हेच. कुळं वेगळी, अंगण एक.

एक शंका प्रामाणिकपणे मांडायला हवी. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ आहे. राजस्थानीत ‘म्हे’ आणि ‘आपां’. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेला माळव्याकडचा पंजाबी भाविक बरोबरच्यांना ‘असीं’ न म्हणता ‘आपां’ चलूया म्हणतो, ते लक्ष देऊन ऐका. पंजाबपर्यंत द्राविडी शेजार कुठं होता? शिवाय ज्या कन्नडचा आपण हवाला देतो, तिच्या आजच्या प्रमाण रूपात ‘नावु’ हा एकच शब्द उरला आहे, भेद गेला. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, की हे ‘आत्मन्’चं स्वतःचंच घरगुती वळण असेल. आमचं मत असं, की बी सगळीकडं होतं, पण मराठीत ते ज्या जोमानं वाढलं, जितकं अनिवार्य झालं, त्याला माती द्राविडी होती. हिंदीच्या मैदानात ‘हम’वर भागतं. तीच हिंदी-उर्दू दख्खनेत उतरली आणि दखनी झाली, की ‘अपन’ म्हणू लागली. नांदेडच्या देगलूर नाक्यावर ‘अपन चलते’ म्हणणारा माणूस दिल्लीच्या उर्दूत बोलत नाही. त्याची भाषा या मातीत राहून शिकली, की सोबत्याला आत घेण्यासाठी वेगळा शब्द लागतो.

भाषांचं हे एकत्र घर राजकारणानं १९५६ मध्ये वाटून दिलं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, तोवर मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे एका संस्थानचे प्रजाजन होते. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ जन्मले विजापूरकडच्या सिंदगीत आणि घडले मराठवाड्यात. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यानं मग तालुकेच काय, महसुली सर्कलंही तोलली. बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके इकडं आले. भालकी, औराद, हुमनाबाद तिकडं गेले. नांदेड जिल्ह्यातून देगलूर तालुक्याची बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं, मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही सर्कलं आंध्रकडं राहिली. बदल्यात म्हणा हवं तर, आदिलाबादकडून किनवट आलं. आता भैंशाचा मराठी माणूस नांदेडला येतो तेव्हा ‘आपल्याकडं’ म्हणतो की ‘तुमच्याकडं’? आम्ही दोन्ही ऐकलं आहे, आणि एकाच माणसाच्या तोंडून. लग्नाचं बोलताना ‘आपल्यात’, जमिनीच्या सातबाऱ्याचं बोलताना ‘तुमच्याकडं’.

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झालेला होता. तेव्हापासून पाण्याचा, रेल्वेचा, नोकऱ्यांचा अनुशेष हा विषय इथल्या सभांत आहे. सभेतलं सर्वनाम नीट ऐकत जा. पाहुणा पुढारी पश्चिमेकडून येतो आणि म्हणतो, ‘आपला मराठवाडा’. स्थानिक वक्ता उठतो आणि म्हणतो, ‘आमचा मराठवाडा’. पहिल्यात आपुलकी आहे आणि दुसऱ्यात कुरकुर आहे, असं वरवर वाटतं. पण हिशेब मागायचा असेल तर ‘आमचा’च म्हणावं लागतं. ‘आपला’ म्हटलं की मागणारा आणि देणारा एकाच बाकावर बसतात, मग मागणी करायची कोणाकडं? ‘आपलं चुकलं’ हे वाक्य सार्वजनिक जीवनात किती सोयीचं आहे! त्यात बोलणाऱ्याची चूक ऐकणाऱ्यातही वाटली जाते. ‘आमचं चुकलं’ म्हणायला छाती लागते.

याच नजरेनं आपल्या संविधानाची उद्देशिका वाचा. मराठीत ती ‘आम्ही’ या शब्दानं सुरू होते, ‘आपण’नं नाही. आमच्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी विचारायचं, की सगळ्या भारतीयांना धरून बोलायचं, तर ‘आपण’ हवं होतं ना? इंग्रजीत ‘वुई’ एकच, तिथं प्रश्नच नाही. हिंदीत ‘हम’. कन्नडमध्ये ‘नावु’, तिथंही निवड करावी लागली नाही. पण ज्या भाषांत दोन शब्द आहेत त्यांना एक निवडावा लागला. तेलुगूनं ‘मेमु’ घेतला, गुजरातीनं ‘अमे’, म्हणजे दोघींनी मराठीसारखाच व्यावर्तक. तमिळनं ‘नाम’ घेतला, समावेशक. एकच वाक्य, आणि चेन्नईत ते एकमेकांकडं बघून म्हटलं जातं, तर नांदेड, निजामाबाद, सुरत इथं कोणा तिसऱ्याकडं तोंड करून.

तो तिसरा कोण? ब्रिटिश पार्लमेंट म्हणा, जग म्हणा, पुढची सरकारं म्हणा. आमच्या मते मराठी रूप बरोबर आहे. ‘आपण’ सुचवतो, ‘आपण असं करूया’. शपथ, करार, ठराव यांना ‘आम्ही’ लागतो, कारण तिथं बोलणारा स्वतःला बांधून घेत असतो आणि ऐकणारा साक्षीला असतो. तमिळ रूपही चूक नाही. तिथं शपथ घेणारे एकमेकांचेच साक्षीदार आहेत. उद्देशिकेच्या शेवटी हे संविधान लोक कोणाला अर्पण करतात, तर स्वतःलाच. मराठीत तिथं ‘स्वतःप्रत’ असा शब्द आहे. हिंदी मसुदा करणाऱ्यांनी मात्र त्या जागी ‘आत्मार्पित’ हा शब्द घातला. त्यातला ‘आत्म’ याज्ञवल्क्याचा नाही, पालीतल्या ‘अत्तदीप’सारखाच साधा, स्वतः या अर्थाचा.